‘ते मी सांगू शकत नाही’: म्हापशातल्या एका मानसोपचार खोलीतलं प्रकरण

दर शुक्रवारी दुपारी सव्वातीनला ती यायची तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी असायची. वर पालेभाजीची जुडी, खाली केळी, कधी सुक्या मिरच्यांचा पुडा. खुर्चीवर बसण्याआधी ती पिशवी दाराजवळ भिंतीला टेकवून ठेवायची, जुडीची पानं बाहेर दिसतील अशी. पहिले काही आठवडे मी समजत होते, बाजार करून येता येता ही माझ्याकडे येते. चौथ्या आठवड्यात तिनं खरं सांगितलं. बसमधून उतरल्यावर ती हा बाजार दहा मिनिटांत, भावसुद्धा न करता उरकायची, कारण घरी ‘म्हापशाच्या बाजाराला जाते’ असं सांगून निघालेली असायची. रिकाम्या हातानं परत जाऊन चाललं नसतं.

त्या पिशवीकडे मी तेव्हाच नीट बघायला हवं होतं. पुढे जे घडलं त्याची सगळी खूण तिच्यात होती.

हे लिहिताना तिचं गाव, घरातल्या माणसांची संख्या, काही वेळा आणि नोकरीतले बारकावे मी बदलले आहेत. पूर्ण मसुदा तिनं वाचला. तिनं एकच दुरुस्ती सांगितली. केळी मयड्याची नव्हती, साळदाटी होती. ‘मयड्याची केळी दर आठवड्याला घ्यायला परवडतात का मला?’ असं ती म्हणाली. मी ती दुरुस्ती केली आहे.

माझी खोली गोव्यात, म्हापशाच्या खोर्ली भागात, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. खाली शिंप्याचं दुकान, माझ्या दारासमोर दातांचा दवाखाना, आणि दोघांना मिळून एकच जिना. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. गोळ्या लिहून देणं माझ्या कामात बसत नाही. त्यासाठी मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. एक सेशन पन्नास मिनिटांचं, मग दहा मिनिटं नोंदींना, मग पुढचं माणूस. मदतनीस ठेवलेली नाही, फोन मीच घेते. या प्रकरणात हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे.

ती डिचोली तालुक्यातली. चाळिशी ओलांडलेली, मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरात कोंकणी बोलतात, पण शाळा मराठी, वर्तमानपत्र मराठी, देवळातली आरती मराठी, त्यामुळे माझ्याशी ती सरळ मराठीतच बोलू लागली. नवऱ्याचे दोन खनिजवाहू ट्रक होते. 2012 साली खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या चालू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयानं 88 लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. आपल्याकडे हे राजकारणाच्या किंवा पर्यावरणाच्या अंगानं बोललं जातं, आणि ते बोललंच पाहिजे. माझ्या खोलीत मात्र ते वेगळ्या रूपानं येतं. अंगणात उभा असलेला ट्रक, त्याच्या टायरांखालून उगवलेलं गवत, आणि बँकेचं पत्र आलं की जेवण न करता उठणारा घरधनी. या घरातला एक ट्रक गेला तो पडेल भावानं, दुसरा बँकेनं ओढून नेला. तेव्हापासून घर तिच्या पगारावर चाललं. नवरा एका कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळी करू लागला. ‘त्यांना मी कधी काही बोलले नाही,’ ती पहिल्याच दिवशी म्हणाली. ‘आणि त्यांनीही मला.’

पहिला झटका बसमध्ये आला. शाळेच्या कामासाठी ती म्हापशाला निघाली होती. अस्नोड्याच्या पुलावर बस थांबली, पुढे गाड्यांची रांग, आणि एकाएकी छाती धडधडू लागली, हाताला मुंग्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं. इथपर्यंत ती मराठीत सांगत होती. पुढचं वाक्य कोंकणीत आलं: ‘म्हाका मरण येता अशें दिसलें.’ भीतीची भाषा आणि भीतीबद्दल बोलायची भाषा तिच्याकडे वेगळी होती. पुढच्या सगळ्या सेशनांत मी याकडे लक्ष ठेवलं. ती कोंकणीत गेली की मी वहीत लिहिणं थांबवायचे.

कंडक्टरनं रिक्षा करून तिला आझिलोत, म्हापशाच्या सरकारी इस्पितळात, पोचवलं. ईसीजी नीट, रक्तदाब थोडा वर. नंतर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन झालं, तेही नीट. ओळखीच्या एका डॉक्टरांनी घबराट कमी करणाऱ्या अल्प्राझोलामच्या लहान गोळ्या दिल्या. ती गोळी क्वचित घ्यायची, पण पर्समधल्या छोट्या डबीत अर्धी गोळी कायम असायची. ती डबी घरी विसरली तर अर्ध्या वाटेतून परत फिरायची. पाच महिन्यांत असे अकरा झटके तिनं मोजले होते. बसमध्ये ती दरवाजाजवळच्याच सीटवर बसायची, गर्दी असली तर ती बस सोडून द्यायची. पॅनिक डिसऑर्डरचं हे ओळखीचं चित्र. झटका काही मिनिटांत टोकाला जातो आणि उतरतो, पण पुढच्या झटक्याची भीती दिवसभर पुरते. उदासीही होती. पीएचक्यू-9 या नऊ प्रश्नांच्या चाचणीत 27 पैकी 14. जीव नकोसा होण्याबद्दलचा नववा प्रश्न मी नेहमी तोंडी, सावकाश विचारते. त्याचं उत्तर शून्य होतं. तरी टेलिमानस या सरकारी हेल्पलाईनचा 14416 हा क्रमांक कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये दिला.

आता म्हापसाच का? मदत गावाजवळ मिळू शकते हे गोव्याला नवं नाही. मानसिक आरोग्यावर काम करणारी ‘संगाथ’ संस्था इथे 1996 पासून आहे. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचं समुपदेशन केलं, त्याचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर वाचला गेला. मला त्या कामाचा अभिमान वाटतो. पण अशी खोली तिच्या गावच्या केंद्रात असती तरी ती गेली नसती. तिथली नर्स तिच्या विद्यार्थ्याची आई, औषधं देणारा तिच्या मावसभावाचा मित्र. आणि मनाच्या दुखण्याला आपल्याकडे अजून एकच गावाचं नाव आहे. ‘बांबोळीला न्यावं लागेल’ असं कुणी म्हटलं की तिथल्या मनोरुग्णालयाबद्दल बोलतात हे लहान पोरालाही कळतं, मेडिकल कॉलेज त्याच बांबोळीला असूनही. चौथीच्या वर्गाच्या बाई वेड्या झाल्या, एवढं एक वाक्य तिच्या नोकरीला नव्हे तरी तिच्या उभं राहण्याला पुरेसं होतं. म्हणून म्हापसा. आणि म्हणून शुक्रवार, कारण शुक्रवारी बार्देस आणि डिचोलीतला निम्मा माणूस म्हापशाच्या बाजारात असतो. कुणी पाहिलं तरी विचारणार नाही.

नेमक्या याच कारणासाठी शुक्रवार हा सगळ्यांत धोक्याचा दिवस होता, हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या यायला हवं होतं.

उपचार नेहमीच्या वाटेनं चालला आणि चांगला चालला. झटका म्हणजे शरीराचा खोटा भोंगा आहे, आग लागलेली नसताना वाजणारा. पण कान त्या भोंग्याला आगच समजतात, म्हणून तो आणखी जोरात वाजतो. हे तिनं वर्गात शिकवावं तसं वहीत आकृती काढून मला परत समजावून सांगितलं. श्वास दाबून धरण्याची तिची सवय आम्ही शोधली. दरवाजाजवळची सीट सोडून आधी दुसरी, मग तिसरी, मग खिडकी अशी यादी केली. डबी पर्समधून पिशवीत, पिशवीतून घरच्या कपाटात गेली, तीही मनोविकारतज्ज्ञांना विचारून. दर आठवड्याला माझ्याकडे येण्यासाठी तिला अस्नोड्याचा पूल ओलांडावा लागायचा, त्यामुळे निम्मा सराव बसच करून घेत होती.

सहाव्या सेशनला मी जिना वापरला. पॅनिकच्या उपचारात शरीराच्या त्याच खुणा मुद्दाम जाग्या करतात. जोरात श्वास घ्यायला लावतात, जागच्या जागी गोल फिरायला लावतात, पळायला लावतात. मग धडधड झाली म्हणजे मरण येत नाही हे डोक्याला सांगावं लागत नाही, छातीच शिकते. मी तिला जिना तीनदा चढायला-उतरायला सांगितला आणि घड्याळ धरून वर उभी राहिले. सुरुवातीला नाडी 78 होती. तिसऱ्या फेरीनंतर ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, नाडी 128, कपाळावर घाम, आणि तिच्या चेहऱ्यावर मी तोवर न पाहिलेलं हसू. ‘हेच ते,’ ती धापा टाकत म्हणाली. ‘हेच होतं मला बसमध्ये. एवढंच?’ मी त्या दिवशी नोंदवहीत ‘फार चांगलं’ असं लिहिलं होतं. ते शब्द मला आजही दिसतात.

समोरच्या दातांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर त्या वेळी चार माणसं बसली होती. मी त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. त्यातली एक बाई तिच्या वाड्यावरची होती.

पुढल्या गुरुवारी संध्याकाळी फोन आला. बाईचा आवाज, डिचोलीकडचा हेल.

‘मॅडम, तुमच्याकडे यायचं असलं तर काय करायचं?’

मी वेळा सांगितल्या. मग ती थोडी थांबली.

‘म्हणजे कसं, आमच्या घरची एक जण येते ना तुमच्याकडे, शुक्रवारची? टीचर आहे ती. तिला आता बरं दिसतंय, म्हणून म्हटलं आपणही…’

मी गप्प झाले. किती वेळ, सांगता येणार नाही. दोन सेकंद असतील. मग नीट, शांतपणे, शिकवल्याप्रमाणे म्हणाले, ‘ते मी सांगू शकत नाही.’

‘हां हां,’ ती म्हणाली, ‘समजलं.’

आणि तिला खरोखरच समजलं होतं. मग तिनं विचारलं, ‘मग मी कधी येऊ?’ गोंधळलेल्या डोक्यानं मी म्हणाले, ‘सध्या नवीन कुणाला घेत नाही.’ हे खोटं होतं. पुढच्या सोमवारची वेळ रिकामी होती.

या एका मिनिटावर मी नंतर बरेच दिवस विचार केला, कारण चूक कुठे झाली हे वरवर दिसत नाही. मी कायदा पाळला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 23 सांगतं की उपचारातली माहिती गुप्त ठेवायची. जीवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत, आणि घरातल्या माणसाची उत्सुकता त्यात बसत नाही. मी नाव घेतलं नाही, हो म्हटलं नाही. पण आपल्या बोलण्यात ‘सांगू शकत नाही’ याचा अर्थ ‘आहे, पण सांगता येत नाही’ असाच होतो. जिथे काही नसतं तिथे माणूस ‘कोण? नाही बाई’ म्हणतो. आपण लग्नाच्या बोलण्यांत, जमिनीच्या व्यवहारात, आजारपणात हेच व्याकरण लहानपणापासून वापरतो. पुस्तकातलं वाक्य मी उच्चारलं आणि ते म्हापशात वेगळंच ऐकू गेलं. आधीची दोन सेकंदांची शांतता तर त्याहून मोठ्यानं बोलली.

आणखी एक गाठ होती, तिनं मला रात्रभर जागं ठेवलं. फोन करणारीही मदत मागत होती. ‘आपणही’ म्हणताना तिचा आवाज खाली गेला होता. ती माझी क्लायंट झाली नव्हती, कागदावर तिच्याशी माझं काही नातं नव्हतं. पण मदतीसाठी कुणी दार वाजवलं हीसुद्धा जपायची गोष्ट आहे असं मी मानते. मग उद्या शुक्रवारी मी काय सांगणार? ‘तुमच्या घरातून फोन आला होता’ म्हटलं की एकीचं जपताना दुसरीचं उघडं करणार. काहीच न सांगता बसले तर जिचं उघडं पडलंय तिलाच ते ठाऊक नाही, आणि ती घरी जाऊन सरळ त्या नजरेसमोर उभी राहणार.

सकाळी मी माझ्या वरिष्ठांशी बोलले. पणजीला असतात, दर महिन्याला मी त्यांच्यापुढे माझी प्रकरणं ठेवते, नावाविना. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, ‘फोनवर ती दोन सेकंदं तू कुणाला वाचवत होतीस?’ उत्तर मला आवडणारं नव्हतं. मी चूक होऊ नये म्हणून माझंच वाक्य आठवत होते. ज्या बाईबद्दल विचारलं जात होतं ती त्या दोन सेकंदांत माझ्या मनात नव्हती.

त्या दुपारी पिशवी भिंतीला टेकल्यावर मी तिला सांगितलं. कुणीतरी फोनवर तुमच्याबद्दल विचारलं. कोण, ते मी सांगणार नाही, कारण त्या व्यक्तीचंही मला जपायला हवं. मी काय उत्तर दिलं ते शब्दशः सांगितलं, शांततेसकट. त्यातून त्यांना कळलं असण्याची दाट शक्यता आहे. आणि जिन्यावर तुम्हाला पळवताना बाकावर कोण बसलंय हे मी पाहिलं नाही, तीही माझीच चूक आहे.

ती बराच वेळ पिशवीकडे बघत राहिली. मग अगदी हळू, वर्गातल्या मुलाला विचारावं तसं म्हणाली:

‘माझं विचारलं तेव्हा तुम्हाला तोंड सांभाळता आलं नाही. आणि आता तिचं सांगायची वेळ आली तर कायदा आठवला?’

‘तिचं’ म्हणाली. तिनं ओळखलं होतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, आणि या वेळी शांततेनं लपवलं काहीच नाही. तिचं म्हणणं बरोबर आहे, एवढंच मी म्हणाले. ते बरोबरच होतं. सेशन तेविसाव्या मिनिटाला संपलं. जाताना तिनं घडी केलेल्या सातशे रुपयांच्या नोटा टेबलावर ठेवल्या. ती नेहमी रोखच द्यायची, कारण बँकेचे मेसेज नवऱ्याच्याही मोबाईलवर जायचे. मी घेऊ नयेत असं मला वाटत होतं. तिनं हात पुढे केला नाही, नोटा उचलल्याही नाहीत.

पुढले दोन शुक्रवार ती आली नाही. पहिल्या भेटीतच आमचं ठरलं होतं: मी फोन करायचा नाही, फक्त वार आणि वेळ एवढाच मेसेज टाकायचा. मी तो टाकला, उत्तर आलं नाही. फोन करावा असं मला दिवसातून दहादा वाटलं. नवव्या प्रश्नाचं शून्य मी परत परत फाईलमध्ये काढून पाहिलं. पण तिचा फोन त्या घरात कुठे असेल, कोण उचलेल, हे मला ठाऊक नव्हतं, आणि माझी काळजी हलकी करण्यासाठी तिचा धोका वाढवायचा मला हक्क नव्हता.

त्याच दरम्यान मी दुसरं एक काम उरकलं. फोन करणाऱ्या त्या व्यक्तीला तिच्याच क्रमांकावर परत फोन केला. सांगितलं की जागा नाही म्हणाले ते खरं नव्हतं. मी तुम्हाला घेऊ शकत नाही, आणि कारण सांगणार नाही. माझ्याकडे कोण येतं, कोण येत नाही, हे मी कुणाच्याच बाबतीत बोलत नाही, उद्या कुणी तुमच्याबद्दल विचारलं तरी हेच ऐकेल. आणि दोन चांगल्या बायकांची नावं दिली, एक म्हापशातली, एक पणजीतली. ती ‘बरं’ म्हणाली. यावेळी ‘समजलं’ म्हणाली नाही.

चवथीनंतरच्या आठवड्यात मेसेज आला: ‘बुधवारी चालेल?’

ती पिशवीशिवाय आली. मधल्या काळात शाळेच्या स्टाफरूममध्ये एक मोठा झटका येऊन गेला होता, पीएचक्यू 8 पर्यंत उतरला होता तो पुन्हा 13 वर. पण तिला त्याबद्दल आधी बोलायचं नव्हतं. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधताना, हात वर करून नारळांचा घड धरलेला असताना, जाऊ म्हणाली होती, ‘वहिनी, फोन मीच केला होता. मलाही झोप लागत नाही गं, केव्हापासूनची.’ दोघींचे हात वर, खाली माणसांची ये-जा, सोडून जायला कुणालाच जमण्यासारखं नाही. ‘तिनं सांगितलं म्हणून तुम्हाला सांगते,’ ती म्हणाली. ‘नाहीतर तुम्ही परत गप्प बसाल.’ तेव्हा ती थोडीशी हसली आणि मला रडू येईल असं वाटलं.

राग संपला नव्हता. संपवायची घाईही मी केली नाही. पुढची दोन सेशनं आम्ही त्या रागावरच घालवली आणि माझ्या मते या उपचारातलं सर्वांत मोलाचं काम तिथे झालं. ज्या बाईनं आठ वर्षं घरात कुणाला ‘तुझं चुकलं’ म्हटलं नव्हतं, तिनं मला ते तोंडावर म्हटलं, आणि छप्पर कोसळलं नाही. दुसऱ्या सेशनच्या शेवटी तिनंच विचारलं, ‘यांना सांगावं का?’

मी उत्तर दिलं नाही. लपवल्यामुळेच झटके येतात, सांगून टाका की बरं वाटेल, असं बोलणं सोपं आहे, पण सांगितल्यावर ज्या घरात राहायचं ते घर तिचं आहे. आम्ही कागदावर उभ्या रेषा मारून बसलो: कुणाला काय सांगायचं, किती, कधी, आणि काय अजिबात नाही. नवऱ्याला झटक्यांचं सांगायचं. कर्जाबद्दल मनात काय आहे ते अजून नाही. सासूला काहीच नाही. शाळेत हेडमास्तरांना ‘तब्येतीसाठी डॉक्टरकडे जाते’ एवढंच. तो कागद तिनं घडी करून वहीत ठेवला.

नवरा एकदाच आला. रात्रपाळी संपवून, इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीच्या टोकावर बसला. त्याला महिनोन्‌महिने वाटत होतं की बायकोला कॅन्सर आहे. आझिलोतला ईसीजीचा कागद त्याला कपाटात सापडला होता. डाळीच्या डब्यात दर आठवड्याला सातशे रुपये साठतात आणि शुक्रवारी नाहीसे होतात हे त्यानं पाहिलं होतं. ‘आणि केळी,’ तो म्हणाला. ‘घरात केळी खाणारं कोण आहे एवढं? काळी पडून गुरांना घालायची.’ विचारायचा धीर झाला नाही म्हणून त्यानं देवळात जाऊन कौल लावला होता, देवाला लावलेली पाकळी उजवीकडची पडली, म्हणजे कौल चांगला मिळाला, तेव्हा थोडा सैल झाला होता. दोघं एकाच घरात, एकमेकांना वाचवायला, वेगवेगळ्या गोष्टी लपवत होती.

मग त्यानं बिचकत विचारलं, ‘तुम्ही ते पणजीच्या पुतळ्यासारखं झोपवता का?’

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, बाईवर हात पसरून तिला संमोहनानं झोपवत उभा असलेला. गोव्यात मनाचा उपचार म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर तोच येतो, आणि हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. मी तो हसण्यावारी नेत नाही. त्याला सांगितलं की फारिया इथलाच, 1756 साली कांदोळीला जन्मलेला, आणि तो पॅरिसला जाऊन लोकांना हेच सांगत होता की झोपवणाऱ्याच्या हातात कसलीही शक्ती नसते, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात घडतं. ‘म्हणजे हिचं हीच करते?’ त्यानं विचारलं. बायको म्हणाली, ‘जिन्यावर पळते मी.’ मग ती त्याला जिना दाखवायला घेऊन गेली. बाकावर कुणी नव्हतं, मी आधी बघून आले होते.

खोलीत यानंतर काय काय बदललं, ते सांगते. बहुतेक गोष्टी साध्या आहेत. दारावरची मोठी पाटी काढून फक्त माझं नाव ठेवलं. पावतीवर आणि मोबाईलवरून पैसे घेताना दिसणाऱ्या नावातही आता तेवढंच असतं. दोन सेशनांमध्ये दहाऐवजी पंचवीस मिनिटं ठेवते, त्यामुळे दिवसाला एक सेशन कमी होतं आणि महिन्याकाठी ते पैशांत जाणवतं. जिन्याचा व्यायाम बंद केला. खोलीतच लाकडी पाट ठेवला आहे, त्यावर चढ-उतर करायची. दातांच्या डॉक्टरांशी बोलून त्यांचा बाक त्यांनी आत घेतला, कारण न विचारता.

सर्वांत मोठा बदल पहिल्या भेटीत झाला. आता मी पहिल्या पन्नास मिनिटांतली पंधरा तरी यावरच घालवते. तुम्ही इथे कसे आलात, वाटेत कोण भेटू शकतं, घरी काय सांगून निघालात. बोडगेश्वराच्या जत्रेत आपण समोरासमोर आलो तर मी ओळख दाखवू की नको? (बहुतेक जण म्हणतात, नको. एक आजी म्हणाल्या, ‘न बोलता गेलीस तर मला वाईट वाटेल.’ त्यांच्याशी मी बोलते.) आणि शेवटी, हे फुटलंच तर सगळ्यांत आधी कुणाला कळलेलं चालेल, कुणाला अजिबात नाही. पुस्तकात गुप्ततेचा करार एका पानाचा असतो, सही केली की संपतो. दहा किलोमीटरवर मामा आणि पंधरावर आत्या असलेल्या आपल्या शहरांत तो करार जिन्यापासून सुरू होतो.

फोनवरचं वाक्यही बदललं. आता कुणीही, कशासाठीही फोन केला, तर विचारायच्या आधीच मी म्हणते की माझ्याकडे कोण येतं यावर मी कधीच, कुणाशीच बोलत नाही, आता सांगा. प्रश्न येण्याआधी म्हटलं की त्याचं उत्तर होत नाही. आरशासमोर उभी राहून मी ते इतक्यांदा म्हटलं आहे की आता मधे शांतता पडत नाही.

तिची एकूण सतरा सेशनं झाली. शेवटच्या सहा आठवड्यांत एकही पूर्ण झटका नाही. दोनदा सुरू झाला आणि उतरला, एकदा अस्नोड्याच्या पुलावरच. पीएचक्यू 6. झोप अजून तुटक आहे. कर्जावर नवरा-बायकोत बोलणं झालेलं नाही, आणि ती म्हणते ते व्हायला वेळ लागेल. मलाही तसंच वाटतं. तीन महिन्यांतून एकदा ती येते, बुधवारी, रिकाम्या हातानं. वाड्यावरच्या त्या बाईनं काय काय कुणाकुणाला सांगितलं ते कळायला मार्ग नाही. शाळेत एका आईनं मात्र तिला बाजूला घेऊन विचारलं की मुलगा परीक्षेच्या वेळी थरथरतो, कुणाकडे न्यावं. तिनं उत्तर द्यायला एक दिवस मागून घेतला.

हे छापण्यासाठी जावेचीही संमती लागणार होती. फॉर्म तिच्याकडे वहिनीनंच नेला आणि तो सही होऊन बंद पाकिटात परत आला. मी दिलेल्या दोन नावांपैकी कुणाकडे ती गेली का, हे मी विचारलेलं नाही.